डंकाशेजारचं भूमिपूजन

आज सकाळी दात घासताना सटासट शिंका आल्या आणि मी ओळखलं, शमशादभाभीचा मिरची कुटायचा डंक सुरू झाला. कॅलेंडर बघायची गरजच नाही. आमच्या गावात चैत्र नाकातून येतो. आधी एक बारीक झणका, मग घशात खवखव, मग शेजारच्या घरातलं कुणीतरी ‘आई गं’ म्हणत खिडकी लावून घेतं, आणि पाठोपाठ बाजारतळाकडून तो आवाज येतो, धप्प धप्प, धप्प धप्प. लोखंडी मुसळं ओळीनं वर जातात आणि ओळीनं खाली येतात. ‘‘आली बाई तुमची मिरची,’’ असं म्हणून आमचे हे नाकाला रुमाल लावतात आणि पेपर वाचत बसतात. जणू वर्षभर मी एकटीच तिखट खाते आणि हे दूधभातावर राहतात.

गावाचं नाव मी लिहिणार नाही. बारामतीहून इंदापूरकडे निघालात की वाटेत लागतं, एवढं पुरे. नाव लिहिलं की उद्या दारात चार माणसं येऊन उभी राहतील, आणि त्यातली तिघं आमच्या ह्यांचीच दोस्तमंडळी असतील. वर त्यांना चहा मलाच करावा लागेल.

तर आमचं गाव पूर्वी ग्रामपंचायतीचं. पुढं नगरपंचायत झाली आणि गावाच्या अंगात काहीतरी संचारलं. रस्त्यात बसणारी म्हैस तीच, तुंबलेलं गटार तेच, पण सरपंच जाऊन नगराध्यक्ष आले, ग्रामसेवक जाऊन मुख्याधिकारी आले आणि पंच होते ते नगरसेवक झाले. नगर म्हटल्यावर नगरासारखं काहीतरी दिसायला हवं, अशी सगळ्यांनाच घाई झाली. त्यात शेजारी बारामती. बारामतीच्या शेजारी गाव असणं म्हणजे घरात हुशार जाऊ असण्यासारखं आहे. आपण काहीही केलं, तरी ‘तिचं बघा’ हे ऐकून घ्यायचंच. बारामतीचे रस्ते बघा, बारामतीच्या बागा बघा, बारामतीचं बसस्टँड बघा. आम्ही तिथं जातो, थंडगार दुकानात शिरतो, सरकत्या जिन्यानं वर जातो, सरकत्या जिन्यानं खाली येतो आणि काहीतरी घ्यायला पाहिजे म्हणून एक कंगवा घेऊन घरी येतो. मीही गेले आहे. पहिल्यांदा त्या जिन्यावर पाय ठेवताना मी पदर इतका घट्ट धरला होता, की वर पोचल्यावर ह्यांनी विचारलं, ‘‘जिना चोरून नेणार होता का पदर?’’

नगराध्यक्षांनाही तसंच काहीतरी इथं हवं होतं. माणूस वाईट नाही. सगळे त्यांना दादा म्हणतात. ते लग्नात वाढपाला उभे राहतात, मयतीला सगळ्यांत आधी पोचतात. पण बारामतीला जाऊन आले की दोन दिवस त्यांचं गावात लक्ष लागायचं नाही.

माझं शिवणकाम आहे. ब्लाऊज शिवते. गावातली कुठलीही गोष्ट आधी माझ्याकडे येते आणि मग नोटीसबोर्डावर लागते, कारण माप देताना बाई हात वर करून उभी असते आणि अशा वेळी तिला बोलण्यावाचून दुसरं काही करता येत नाही. आमच्या वॉर्डाच्या नगरसेविका मंगलताई अशाच हात वर करून उभ्या असताना म्हणाल्या, ‘‘बाजारतळावर संकुल होनार हाय. दोन मजली. ठराव झाला काल.’’

‘‘आणि बाजार?’’

‘‘ते काय इचारलं न्हाय बाई कुनी.’’

‘‘आणि तुम्ही काय केलंत?’’

‘‘मी काय करनार? हात वर करा म्हनले, केला.’’ आणि त्यांनी हात अजून थोडा वर केला. माझ्या हातातली टेप बगलेतच राहिली.

बाजारतळ म्हणजे दर सोमवारी भरणाऱ्या आठवडी बाजाराची मोकळी जागा. एका अंगाला नगरपंचायतीची इमारत, दुसऱ्या अंगाला लिंबाची झाडं, आणि पश्चिमेच्या कोपऱ्यात पत्र्याची एक शेड. त्या शेडमध्ये शमशादभाभीचा डंक. तिच्या नवऱ्यानं तो घातला तेव्हा तेव्हाच्या सरपंचांनी ‘घाल की, कोण नाही म्हणतंय’ एवढंच म्हटलं होतं. तेवढ्या शब्दावर शेड उभी राहिली. पुढं नवरा गेला, सरपंचही गेले. भाभीकडे डंक राहिला आणि शब्द राहिला. उन्हाळ्याचे महिने डंक चालतो आणि त्यावर तिचं वर्ष निघतं. लेक शिकली, बारामतीला दिली, ती याच धप्प धप्पवर. आता त्या कोपऱ्यात संकुलाचा जिना येणार होता. शेड गेली की डंक गेला आणि डंक गेला की भाभी गेली, एवढा सरळ हिशेब होता. गावातल्या सगळ्यांना तो कळत होता आणि कुणालाच मोठ्यानं म्हणवत नव्हता.

नगरपंचायतीनं तिला अगदीच वाऱ्यावर सोडलं होतं असं नाही. दुसऱ्या मजल्यावर एक गाळा द्यायचं ठरलं होतं. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती मिरच्यांची देठं खुडत बसली होती. तिनं खुडणं थांबवलं नाही.

‘‘दुसऱ्या मजल्यावर डंक?’’

‘‘हो.’’

‘‘आन त्याच्याखाली?’’

‘‘नकाशात सोनाराचं दुकान दाखवलंय म्हणे.’’

तिनं आणखी एक देठ खुडलं. ‘‘मग सोनाराच्या डोक्यात टोपी लागंल, लोखंडी,’’ म्हणाली. आणि मग हसणं संपल्यावर हळूच म्हणाली, ‘‘वैनी, मला वर न्हाय जाता यायचं वो. डंक जमिनीत रवलेला असतो. त्यो वर चढत न्हाय.’’

संध्याकाळी मी हे ह्यांच्या कानावर घातलं. हे साखर कारखान्यातून रिटायर झालेले. कारखान्यात असताना युनियनमध्ये होते, पण ह्यांच्या काळात एकही संप झाला नाही, हे दुःख मनात धरून बसलेले. माझं बोलणं पुरतं ऐकूनही न घेता उठले, पायात चपला घातल्या आणि रात्रीच्या जेवणाआधी ‘बाजारतळ बचाव नागरी कृती समिती’ स्थापन करून आले. स्वतः अध्यक्ष. कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, सरचिटणीस, सगळे निवडून झाले होते. सभासद कुणीच नव्हता, कारण आलेला प्रत्येक जण कुठला ना कुठला पदाधिकारी झालेला.

समितीच्या बैठका आमच्या ओसरीवर व्हायच्या. मी मशीनवर बसून ऐकायची. निम्मा वेळ नावावर गेला. ‘नागरी’ आधी की ‘बचाव’ आधी, यावर उपाध्यक्ष रुसून गेले आणि चहा आल्यावर परत आले. कुणी म्हणालं उपोषण करू. उन्हं बघून तो विषय मागे पडला. कुणी म्हणालं मोर्चा काढू. पण मोर्चा जाणार कुठं? नगरपंचायत बाजारतळाला लागूनच, म्हणजे निघालो की पोचलोच. शेवटी बंद पुकारायचं ठरलं. गाव बंद. कडकडीत.

‘‘वार कुठला धरायचा?’’ सरचिटणीसांनी विचारलं.

‘‘सोमवार,’’ हे म्हणाले. ‘‘त्या दिवशी सगळ्यात जास्त माणूस असतो गावात. बंद उठून दिसेल.’’

मी मशीन थांबवलं. ‘‘अहो, सोमवारी बाजार असतो.’’

‘‘तेच म्हणतोय मी. बाजारच बंद ठेवायचा. मग कळेल त्यांना बाजाराची किंमत.’’

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे हे फार आहे. ज्याला दुःख झालं त्यानं आधी स्वतःचं जेवण बंद करायचं, म्हणजे समोरच्याला लाज वाटेल. समोरचा निवांत जेवत असतो. माझ्या माहेरी, कऱ्हाटीला, चुलत्यांनी भावाशी भांडून स्वतःच्याच मोटारीची वायर तोडली होती आणि स्वतःचाच ऊस वाळवला होता. पण गाव ते चुकीचं मानत नाही, त्याला बाणेदारपणा म्हणतं.

बंद शंभर टक्के झाला. तसा बंद आमच्या गावानं कधी पाहिला नव्हता. निमगाव केतकीकडून येणारे भाजीवाले वेशीवरूनच मागं फिरवले. भाभीनंही डंकाला कुलूप घातलं. ऐन हंगामातला दिवस, तांबड्या मिरच्यांची पोती घेऊन बायका आल्या आणि परत गेल्या. कुलूप घालताना ती ह्यांना म्हणाली, ‘‘भाऊ, माझा डंक वाचवायला पयला मलाच बंद केला व्हय?’’ ह्यांनी तिला लढ्याचं महत्त्व सांगितलं. तिनं मान हलवली. ती गावाच्या शब्दाबाहेर जाणारी नव्हती.

आणि त्याच सोमवारी, दुपारी, मुख्याधिकारी साहेब स्थळपाहणीला आले. नवे होते, लांबचे होते, आमचा वार त्यांना माहीत नव्हता. जीपमधून उतरले. समोर अख्खा बाजारतळ मोकळा. एक भाजीवाली नाही, एक कापडी पाल नाही. पत्र्याच्या शेडला कुलूप. लिंबाखाली एक शेळी आणि आमच्या समितीचा फ्लेक्स, ‘बाजारतळ वाचवा’. साहेबांनी सगळीकडून फोटो काढले, शेळीसकट. आणि अहवालात लिहिलं की सदर जागा रिकामी व विनावापर आढळून आली, तसेच तेथील शेडही बंद स्थितीत आहे. मंगलताईंनी पुढच्या वेळी माप देताना मला हे वाचूनच दाखवलं.

मी ह्यांना सांगितलं तेव्हा ताट पुढ्यात होतं. ह्यांनी घास आमटीत बुडवला. मग म्हणाले, ‘‘म्हणजे बंद यशस्वी झाला हे त्यांनी सरकारी कागदावर मान्य केलं की नाही?’’

मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही या माणसाचा राग नेमका कुठून सुरू करायचा ते कळत नाही.

भाभीला मात्र आपलं काही खरं नाही हे कळून चुकलं. दुसऱ्या दिवशी मी माझी मिरची घेऊन गेले. ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला, वर धने, खोबरं, दगडफूल, तमालपत्र, सगळं तेलावर भाजून, गरम डबा पदरात धरून. मसाला गरम असतानाच कुटावा लागतो, तरच तेल सुटतं. भाभीनं डबा उघडला, वास घेतला आणि म्हणाली, ‘‘यंदा खोबरं जादा घातलंय. सासूबाई नव्हत्या घालत.’’ गावातल्या प्रत्येक घराचा मसाला तिच्या नाकात आहे. कुणाकडे बडीशेप चालत नाही, कुणाला नागकेशर हवंच, कुठली सून आल्यावर कुठल्या घराचं तिखट बदललं, सगळं. डंक चालू असताना ती काठीनं मसाला सारखा करत राहते आणि हात मुसळाखाली कधी जात नाही. बघणारा मात्र दर वेळी डोळे मिटून घेतो.

त्या दिवशी काठी फिरवता फिरवता म्हणाली, ‘‘वैनी, इकून टाकू का डंक? जाते लेकीकडं बारामतीला.’’

‘‘तिथं काय करशील?’’

‘‘बसून राहीन. टीव्ही हाय तिच्याकडं मोठा.’’

मी काही फार हळवी बाई नाही. पण ही बाई कोचावर बसून दुसऱ्यांच्या घरातली भांडणं टीव्हीवर बघत दिवस काढणार, हे मला सहन होईना. स्वार्थही होताच. पाकिटातला मसाला मी आणून बघितलेला आहे. वाईट नसतो. पण सगळ्या महाराष्ट्राच्या घरात एकच आमटी शिजल्यासारखी वाटते. आमच्या गल्लीत दुपारी बाराला नुसत्या फोडणीवरून सांगता येतं कुठलं घर आहे, आणि त्याचं कारण ही बाई आहे. मी तिला म्हटलं, ‘‘थांब जरा.’’ कशासाठी थांब ते मलाही माहीत नव्हतं.

मग भूमिपूजनाची तारीख लागली. नरसिंहपूरकडचे गुरुजी बोलावले. त्यांनी पंचांग बघून मुहूर्त काढून दिला, सकाळी दहाच्या पुढचा, थोड्याच वेळाचा पण फार उत्तम. तो मुहूर्त चैत्राच्या ऐन भरात पडत होता आणि मांडव घातला गेला डंकाच्या पूर्वेला. उन्हाळ्यात आमच्याकडे वारा पश्चिमेचा असतो. सभेत एवढे शहाणे पुरुष बसलेले, पण त्यातल्या एकाच्याही डोक्यात हे आलं नाही, कारण मिरची कुटायला त्यांच्यातलं कुणी कधी गेलंच नव्हतं. घरी डबा भरलेला असतो एवढंच त्यांना ठाऊक.

समितीनं काळे झेंडे दाखवायचं ठरवलं. काळं कापड कुठून आणणार? आमच्या ह्यांनी माझ्या कपाटातलं ब्लाऊजच्या अस्तराचं कापड फाडलं. लग्नसराई तोंडावर, आणि बायकांची अस्तरं काठ्यांना लागून बाजारतळावर निघालेली. मी पण मागोमाग गेले, निदान कापड परत आणावं म्हणून.

मांडवात फेटे बांधून झाले होते. दादा पाटावर बसले. गुरुजींनी आचमन करायला सांगितलं, संकल्प सुरू केला. आणि डंक चालू झाला. धप्प धप्प.

पहिली शिंक गुरुजींनाच आली. संकल्पाच्या मध्यात.

आता आमच्याकडची रीत अशी, की शुभकार्यात शिंक आली तर थांबायचं. पाणी प्यायचं, जरा वेळ जाऊ द्यायचा, मग पुढं जायचं. गुरुजी थांबले. पाणी प्याले. पुन्हा पळी उचलली, तर मुख्याधिकारी शिंकले. जाणते म्हणाले, चालतंय, दोन झाल्या. एक वाईट, पण दोन झाल्या की कटतात. गुरुजींनीही मान डोलावली आणि सुरुवात केली. तेवढ्यात दादांना तिसरी आली. तिसरीनं पहिल्यासारखंच झालं की नाही यावर मागच्या रांगेत चर्चा सुरू झाली. मग मंगलताई, मग ठेकेदार, मग व्यासपीठावरचे पाहुणे. मोजायची सोयच राहिली नाही. गुरुजी नाकाला उपरणं लावून घड्याळाकडे बघत होते. आमची समिती घोषणा द्यायला उभी राहिली होती. ‘बाजारतळ’ एवढं सगळे एकदम म्हणाले, आणि पुढं ‘वाचवा’ म्हणायला कुणाला श्वासच मिळाला नाही. सगळे काळ्या झेंड्यांना नाकं पुसायला लागले. अस्तराचं कापड परत नेण्याचा विचार मी तिथंच सोडला.

‘‘अरे तो डंक बंद करायला सांगा,’’ दादा म्हणाले.

एक नगरसेवक पळत शेडकडे गेले. मीही गेले, भाभीसाठी. आत उखळात मसाला अर्धा कुटलेला होता. भाभीनं निरोप ऐकला आणि तिचा हात बटणाकडे गेला. नगराध्यक्षांचा शब्द मोडायची तिची ताकद नव्हती, आणि त्या दिवशी मोडला असता तर दुसऱ्या मजल्यावरचा गाळाही गेला असता.

‘‘हात काढ त्या बटनावरनं,’’ मागून आवाज आला.

शेडच्या कोपऱ्यात उलट्या ठेवलेल्या डब्यावर गोदाआक्का बसल्या होत्या. दादांच्या मातोश्री. उखळातला मसाला त्यांचाच होता. गरम डबा गोधडीत गुंडाळून पहाटेपासून नंबर लावला होता, लाईट आत्ता कुठं आली होती, आणि लेकाचं भूमिपूजन आहे म्हणून नंबर सोडणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

‘‘आक्का, साहेबांचा निरोप हाय,’’ नगरसेवक म्हणाले.

‘‘कोन साहेब? माझा बाळू व्हय? त्याला म्हनावं, मसाला निम्मा झालाय. आत्ता थांबवला तर गार पडंल, भरड राहील. मग वरीसभर त्योच म्हनंल, आमटीला चव न्हाय.’’

आक्कांची तरुणपणची वर्षं मेंढरांमागे रानोमाळ गेलेली. या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक मारायची सवय. वय झालं तरी आवाज तेवढाच राहिला आहे. मांडवात माईकची गरज पडली नाही, सगळ्यांनी सगळं ऐकलं. शेवटी दादा स्वतः आले. डोक्यावर फेटा, कपाळावर गंध, नाकाला रुमाल.

‘‘आक्का, मुहूर्त चाललाय. जरा पाच मिंटं.’’

‘‘हिला कुठं बसवनार हायस?’’ आक्कांनी भाभीकडे बोट केलं.

‘‘दुसऱ्या मजल्यावर गाळा दिलाय की.’’

‘‘आन मी?’’

‘‘तू काय?’’

‘‘मी मिरचीचं पोतं घिऊन दुसऱ्या मजल्यावर जाऊ? गुडघं कुनाचं लावू, तुज्या मुख्याधिकाऱ्याचं?’’

‘‘आक्का, हे घरी बोलू आपन.’’

‘‘घरी तू असतोस कवा?’’

दादांना यावर बोलायचं होतं. तोंड उघडलं, आणि शिंक आली. मग दुसरी, मग तिसरी. फेटा सैल झाला. तोवर तिकडं गुरुजींनी पंचांग मिटलं. मुहूर्त गेला होता. भाभी खाली बघून काठी फिरवत होती. ती हसत नव्हती. तिचं काय होणार ते अजून ठरायचं होतं.

गावात त्या संध्याकाळी पेढे वाटले गेले. समितीनं ऐतिहासिक विजय जाहीर केला. ह्यांनी छोटंसं भाषणही केलं, नाक लाल झालेलं असताना. आमच्या झेंड्यांचा धसका घेतला म्हणाले. मी ऐकून घेतलं. बायको म्हणून माणसाला काही सुखं द्यावी लागतात.

पण भूमिपूजन पुढं ढकललं होतं, संकुल रद्द नव्हतं. हंगाम संपला की डंक बंद होतो, वारा बदलतो, आणि मग मुहूर्ताला काय तोटा? भाभी रोज नगरपंचायतीच्या दाराकडे बघायची आणि मिरच्या खुडायची. दादा तिच्या शेडवरून जाताना मान खाली घालून जायचे. त्यांच्या घरात काय बोलणं होत होतं ते त्यांनाच माहीत. एवढं मात्र बाहेर आलं, की आक्कांनी लेकाशी बोलणं टाकलं होतं. ताट वाढायच्या, पण ‘घे आणखी’ म्हणायच्या नाहीत. आमच्याकडे हा फार मोठा बहिष्कार आहे. त्याच्यापुढं आमचा बंद काहीच नव्हे.

यंदा आता संकुल उभं आहे, बायपासला. दोन मजली, काचांचं, चांगलं थंडगार. मोबाइलचं दुकान आहे, क्लास आहेत, सोनारही आहे आणि त्याच्या डोक्यावर काही नाही. तिथं सगळ्यांत जास्त वेळ कोण बसतं विचाराल, तर बाजारतळ बचाव नागरी कृती समितीचे अध्यक्ष. दुपारी उन्हं झाली की हे तिकडं जातात, टीव्हीच्या दुकानात किमती विचारतात आणि गारव्याला उभे राहतात. मी म्हटलं, लाज नाही वाटत? तर म्हणाले, ‘‘आपला विरोध जागेला होता, संकुलाला नव्हता.’’ हे वाक्य त्यांनी बहुतेक तिथंच, गारव्यात उभं राहून तयार केलेलं असणार. आणि खरं सांगायचं तर मलाही तिथल्या कापडदुकानातली अस्तरं आवडली आहेत.

सोमवारी बाजार भरतो. मेथीची जुडी, वाळूक, कोंबड्या, बांगड्या, ओरडा. बारामतीला असलं काही नाही असं आम्ही आता पाहुण्यांना सांगतो, जरा तोऱ्यातच सांगतो. बारामतीला याहून मोठा बाजार भरतो, पण ते आम्ही बोलत नाही.

जागा बदलल्याचं मला कळलं ते त्या हुकलेल्या भूमिपूजनाच्याच वर्षी, ज्येष्ठ लागता लागता. मंगलताई ब्लाऊज घालून बघायला आल्या होत्या. बाही घट्ट होते म्हणाल्या, आणि त्याच दमात म्हणाल्या, ‘‘संकुल बायपासला न्यायचं ठरलं सभंत. डंक हाय तिथंच राहनार. दादांनीच मांडलं. आमी हात वर केले.’’

मी टाचण्या तोंडात धरल्या होत्या त्या काढून ठेवल्या आणि तशीच निघाले. ताईंना ब्लाऊज अर्धा घातलेला सोडून. रस्त्यानं जाताना मी जवळजवळ धावत होते, या वयात. मला कधी नव्हे तो इतका आनंद झाला होता आणि तो भाभीला सांगायचा मान मलाच पाहिजे होता.

पण कुणीतरी आधीच सांगून गेलं होतं. शेडमध्ये भाभी एकटीच होती. गुरुवार होता. सकाळपासून लाईट नव्हती, गिऱ्हाईकही नव्हतं. तिनं मोकळा वेळ बघून डंक धुऊन पुसून घेतला होता, मुसळं कोरडी केली होती, जमीन सारवली होती. मिरचीची एक साल कुठं दिसत नव्हती. ती मुसळाला हात लावून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मला बघून तिनं ओढणीनं तोंड पुसलं. ‘‘तिखट गेलं वाटतं डोळ्यात,’’ म्हणाली.

‘‘हो गं,’’ मी म्हटलं, ‘‘आज फारच उडतंय.’’ आणि मीही पदर डोळ्यांना लावला.